कोर्तिनाच्या कड्यांवर पहिली व्हिया फेराटा: सह्याद्रीत तयार झालेल्या ट्रेकरसाठी

इटलीच्या ईशान्येला डोलोमाइट्सच्या रांगा आहेत आणि त्या रांगांच्या मधोमध कोर्तिना द'आम्पेत्सो नावाचं गाव. समुद्रसपाटीपासून साधारण १२०० मीटरवर. गावातून मान वर केली की चहूबाजूंनी फिकट राखाडी, पिवळसर कडे दिसतात: पश्चिमेला तोफाना, ईशान्येला क्रिस्ताल्लो, दक्षिणेकडे सोरापिस. या कड्यांवर पोलादी तारा ठोकलेल्या वाटा आहेत. त्यांना इटालियनमध्ये व्हिया फेराटा म्हणतात, जर्मन भाषिक क्लेटरश्टाइग म्हणतात. कमरेला हार्नेस, म्हणजे कंबर-मांड्यांना धरणारा पट्ट्यांचा साज, हार्नेसला दोन पट्टे, प्रत्येक पट्ट्याच्या टोकाला एक कॅरॅबिनर, म्हणजे खटक्याची धातूची कडी. दोन्ही कॅरॅबिनर तारेत अडकवायचे आणि तारेच्या सोबतीनं वर सरकायचं. लीड करणारा, म्हणजे दोर घेऊन पुढे चढणारा लागत नाही, बिले देणारा, म्हणजे दोर धरून सांभाळणारा लागत नाही.

आता जर्मनीत, नेदरलँड्समध्ये नोकरीला असलेली आपली मुलं सुट्टीत इकडे येतात, पुण्या-मुंबईचे ट्रेकर ग्रुपही येऊ लागलेत. हरिहरच्या पायऱ्या, ढाकच्या बहिरीची वाट, अलंग-मदन-कुलंग केलेल्या माणसाला दृष्टिभय नवं नसतं. दमही असतो. घोटाळा होतो तो दुसरीकडे. आपण कातळारोहणात दोर वरून लावतो, घसरलो तर फूटभर लोंबकळतो, वरचा माणूस हसतो आणि आपण परत चढतो. तारेवर असं होत नाही. इथे पडलेला माणूस खालच्या खुंट्यापर्यंत, म्हणजे तार कड्याला जिथे ठोकलेली असते तिथपर्यंत जातो, वाटेत शिडीच्या पायऱ्या आणि कपाऱ्या असतात आणि सामान चोख असलं तरी हाडं मोडतात. म्हणून खाली जे काही सांगतो आहे ते सगळं न पडण्यासाठी आहे. पडल्यावर वाचण्याची सोय सामानात आहे, पण ती शेवटची.

आधी खडक समजून घ्या

सह्याद्रीचा बसाल्ट लाव्हारसातून झाला. इथला खडक समुद्रात झाला. वीस कोटी वर्षांहून आधी इथे उथळ, उबदार समुद्र होता. त्यातली प्रवाळं, शिंपले, चुन्याचा गाळ यांचे थर साचले, पुढे त्यात मॅग्नेशियम शिरलं आणि चुनखडीचा डोलोमाइट झाला. देओदा द दोलोम्यू या फ्रेंच भूशास्त्रज्ञानं १७९१ मध्ये या खडकाचं वर्णन केलं, त्याच्यावरून खडकाला आणि मग डोंगरांना नाव पडलं. २००९ पासून हा भाग युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे.

चढणाऱ्याला यातून तीन गोष्टी कळायला हव्यात. पहिली, कोरडा डोलोमाइट पायाला छान धरतो, पण तो भुगा होणारा खडक आहे. कड्यांच्या खाली घसाऱ्याचे प्रचंड उतार आहेत आणि तारेच्या वाटेवरही दर कपारीत सुटे खडे पडलेले असतात. वरच्याच्या पायानं एक खडा सुटला की खालच्याच्या डोक्यावर. हेल्मेट कड्याच्या पायथ्याशी पोचल्यावर घालायचं नसतं, घसारा सुरू व्हायच्या आधी घालायचं असतं. दुसरी, लोकप्रिय वाटांवर बुटांनी घासून घासून होल्ड, म्हणजे हात-पाय टेकवायच्या जागा, गुळगुळीत झालेत. तिथे पाय ठेवण्याआधी डोळ्यांनी पाहा, चमकत असेल तर बाजूची जागा शोधा. तिसरी गोष्ट पाण्याची. चुनखडीच्या डोंगरात पाणी वर टिकत नाही, भेगांतून आत मुरून खाली दरीत निघतं. रायगडा-राजगडासारखं माथ्यावर टाकं सापडेल ही आशा सोडा. दोन लिटर पाणी पायथ्यापासून पाठीवर हवं.

कधी जायचं, कसं पोचायचं

वरचे रिफुजिओ, म्हणजे डोंगरातली मुक्कामाची घरं, साधारण २० जूनच्या आसपास उघडतात आणि २० सप्टेंबरच्या सुमारास बंद होतात. जूनच्या शेवटी उत्तरेकडच्या घळींत कडक बर्फ राहतो आणि तार त्याखाली गाडलेली असू शकते. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारची वादळं आणि गर्दी. १५ ऑगस्टला इटलीत मोठा सण असतो, त्या आठवड्यात अर्धा देश डोंगरात असतो. माझं मत विचाराल तर सप्टेंबरचा पहिला पंधरवडा. हवा जास्त स्थिर, तारा मोकळ्या, दिवस अजून बऱ्यापैकी मोठा.

व्हेनिसच्या विमानतळावरून कोर्तिनाला थेट बस आहेत, दोन-अडीच तासांचा रस्ता. रेल्वेनं यायचं तर कालाल्त्सोपर्यंत गाडी आणि पुढे बस. कोर्तिनात १९५६ साली हिवाळी ऑलिंपिक झालं, २०२६ च्या ऑलिंपिकचं यजमानपदही मिलानबरोबर याच गावाला मिळालं, त्यामुळे राहणं स्वस्त नाही. खालच्या दरीतल्या गावांत खोली घेऊन बसनं वर येणारेही पुष्कळ आहेत. उन्हाळ्यात फाल्झारेगो खिंडीपर्यंत बस जाते आणि पुढे सांगितलेल्या तीन दिवसांपैकी पहिल्या दोन दिवसांचं काम त्याच रस्त्यावर भागतं.

नकाशा कागदाचा घ्या. टाबाक्को कंपनीचा १:२५,००० प्रमाणाचा ३ क्रमांकाचा नकाशा कोर्तिना परिसराचा आहे आणि गावात सगळीकडे मिळतो. त्यावर पायवाटांचे आकडे असतात, तेच आकडे वाटेवर लाल-पांढऱ्या पट्ट्यांत दगडांवर रंगवलेले असतात. तारेची वाट नकाशावर बारीक फुल्यांनी किंवा ठिपक्यांनी दाखवतात. तुमची साधी दिसणारी परतीची वाट मधेच फुल्यांची तर होत नाही ना, हे आदल्या रात्री बघायचं.

सामान: भाड्यानं घ्या, पण तपासून घ्या

तीन वस्तूंना पर्याय नाही: हेल्मेट, हार्नेस आणि व्हिया फेराटाचा संच. पहिल्या दोन आपल्या ओळखीच्या. तिसऱ्यावर थोडा वेळ घालवू या, कारण इथेच आपल्याकडचे अनुभवी लोक चुकतात.

आपल्याकडे रॉकपॅचवर, म्हणजे वाटेतल्या उभ्या कातळटप्प्यावर, कमरेची स्लिंग (शिवलेल्या पट्टीचा फास) आणि कॅरॅबिनर दोराला अडकवून आडवं जायची सवय आहे. डायनिमा या कृत्रिम धाग्याची स्लिंग मजबूत असते, मग ती तारेला का चालणार नाही? हिशेब करा. दोरावर चढताना पडण्याची तीव्रता मोजतात ती अशी: किती मीटर पडलात भागिले किती मीटर दोर तो धक्का झेलतोय. साध्या आरोहणात हा आकडा फार तर २ होतो. तारेवर उभ्या भागात तुमचा पट्टा एक मीटरचा आणि खालचा खुंटा चार मीटरवर असेल, तर तुम्ही पाच मीटर पडता आणि तो सगळा धक्का एका मीटरच्या पट्ट्यावर येतो. आकडा ५. शिवाय दोर ताणला जातो, डायनिमा जवळजवळ ताणलीच जात नाही. स्लिंग तुटेल, कॅरॅबिनर तुटेल, काहीच तुटलं नाही तर तुमची कंबर.

म्हणून फेराटाच्या संचात मधे एक छोटी पिशवी असते. तिच्यात शिवून घडी घातलेला पट्टा असतो. पडल्यावर त्याची शिवण उसवत जाते आणि त्या उसवण्यात धक्का जिरतो. या संचांसाठी ईएन ९५८ हे युरोपीय मानक आहे. हा आकडा पिशवीवर छापलेला दिसला पाहिजे. संच वापरणाऱ्याचं वजन सामानासकट साधारण ४० ते १२० किलोंच्या मध्ये असावं लागतं. ४० किलोंखालच्या मुलाला हा संच देऊन मोकळं सोडता येत नाही, कारण शिवण उसवण्याइतका जोरच पडत नाही. मुलाला वरून दोरानं बिले द्यावा लागतो. दुकानातून संच घेताना पिशवीची चेन उघडून आतली शिवण अखंड आहे ना ते पाहा. एकदा उसवलेला संच संपला, परत वापरायचा नाही. २०१२ मध्ये लवचीक पट्ट्यांचे बरेच संच कंपन्यांनी बाजारातून परत मागवले होते, ऑस्ट्रियातल्या एका जीवघेण्या अपघातानंतर. त्यामुळे मित्राच्या माळ्यावरचा जुना संच फुकट मिळाला तरी नको.

दोन लांब पट्ट्यांखेरीज संचाला एक आखूड फास किंवा तिसरा कॅरॅबिनर असतो. तो विश्रांतीचा. हात भरून आले की तो खुंट्यात किंवा शिडीच्या पायरीत अडकवून हार्नेसवर बसता येतं. संच हार्नेसला कसा जोडायचा हे कंपनीच्या कागदावर चित्रासकट असतं. बहुतेक संच गाठीसारखे ओवून जोडायचे असतात, आपल्या मनानं मधे जादा कॅरॅबिनर घालायचा नाही.

बाकीचं पटकन. बोटं उघडी असलेले चामड्याचे हातमोजे घ्या, तारेचे तुटके धागे तळहातात घुसतात. कडक तळव्याचे घोट्यापर्यंतचे बूट किंवा चांगले अ‍ॅप्रोच बूट. पाऊस-वाऱ्याचं जाकीट ऑगस्टमध्येही. हेडलॅम्प, कारण पुढे बोगदे आहेत. सेल्फी स्टिक खोलीवर.

अक्षरांची श्रेणी

वाटेची अवघडता सांगायच्या दोनतीन पद्धती आहेत. सगळ्यात जास्त दिसते ती ए ते ई अशी अक्षरांची. ए म्हणजे तार आधाराला, पाय जमिनीसारखे. बी म्हणजे उभे टप्पे, शिड्या. सी म्हणजे हातांवर भार येतो, काही जागी कडा सरळ उभा. डी आणि ई ही रोज चढणाऱ्यांची कामं. दुसरी पद्धत के-१ ते के-६ अशी आहे.

पण अक्षर सगळं सांगत नाही. ते सर्वात अवघड जागेचं असतं, वाटेच्या लांबीचं नव्हे. तोफाना दि रोझेसवरची लिपेल्ला वाट बहुतेक ठिकाणी सी धरतात, तीच सी गावाजवळच्या तासाभराच्या वाटेलाही मिळते. एकीला पूर्ण दिवस, ३२२५ मीटरचा माथा आणि उत्तरेच्या बाजूला उशिरापर्यंत टिकणारा बर्फ. दुसरीला दोन सँडविच. म्हणून अक्षर, एकूण तास, चढाईचे मीटर आणि मधून बाहेर पडायची सोय, या चार गोष्टी एकत्र वाचा. पहिल्या खेपेला बीच्या पुढे जाऊ नका, मग तुम्ही मदनचा रॉकपॅच मोकळ्या हातानं केलेला असला तरी.

तारेवरची रीत

पायथ्याशी सपाट जागेवर हार्नेस घाला आणि जोडीदारानं बकल तपासावं. मग पुढची पद्धत पाठ होईपर्यंत पहिल्या खुंट्याशी करून पाहा.

दोन्ही कॅरॅबिनर तारेत. वर सरकत खुंट्यापाशी आलात की एक काढा, खुंट्याच्या पलीकडच्या तारेत अडकवा, खटका बंद झाल्याचा आवाज ऐका. मग दुसरा काढा, पलीकडे अडकवा. दोन्ही एका वेळी कधीच बाहेर नाहीत. हे वाचताना इतकं सोपं आहे की हसू येतं. दीडशेव्या खुंट्यापाशी, हात थकलेले असताना आणि मागचा माणूस उसासे टाकत असताना ते सोपं राहत नाही. मी बदलताना पुटपुटतो, 'एक गेला, दोन गेला'. लोक बघतात, बघू देत.

दोन खुंट्यांच्या मधल्या तारेवर एकच माणूस. यात सूट नाही. तुमच्या वरचा माणूस पडला तर तो सरळ खालच्या खुंट्यापर्यंत येणार, म्हणजे तुमच्यावर. उभ्या भागात तर वरच्यानं पुढचा खुंटा ओलांडून थोडं पुढे जाईपर्यंत थांबा. आडव्या भागात तार ताणून ओढू नका, पलीकडच्या माणसाचा तोल जातो.

चढायचं पायांनी. नवखा माणूस दोन्ही हातांनी तार ओढत वर जातो, वर ओढलेल्या पोत्यासारखा, आणि पन्नास मीटरवर त्याच्या दंडांतलं बळ संपतं. हात सरळ ठेवा, शरीर कड्यापासून किंचित बाहेर, नजर पायांकडे. कातळावर चांगली खाच दिसत असेल तर तार सोडून खाच धरा. ज्यांनी कातळारोहण केलंय त्यांना यात मजा येते, कारण बीच्या वाटा जवळपास सगळ्या खडकावरच चढता येतात आणि तार नुसती सोबत राहते.

मागून वेगानं कोणी आलं तर रुंद जागी थांबून वाट द्या. ओलांडणारा बाहेरच्या बाजूनं जातो आणि तो एक तरी कॅरॅबिनर कायम तारेत ठेवतो. बहुतेक वाटा चढण्यासाठी असतात, उतरायला वेगळी पायवाट असते. उलट दिशेनं येऊन रांग अडवली तर इटालियन काकाही चिडतात. आणि दगड सुटला तर ओरडा: 'सास्सो!' मराठीत 'दगड!' ओरडलात तरी स्वर कळतो, पण शेजारचा वर बघेल, आणि दगड सुटल्यावर वर बघायचं नसतं, कड्याला चिकटायचं असतं.

तार सैल वाटली, खुंटा हलताना दिसला, वाटेच्या तोंडाशी 'किउझो' (chiuso) अशी पाटी असली, तर परत फिरा. किउझो म्हणजे बंद. दरडी कोसळून इथल्या वाटा कधीकधी आख्खा हंगाम बंद राहतात, म्हणून आदल्या संध्याकाळी रिफुजिओत किंवा गावातल्या गाइडच्या कचेरीत विचारायचं. पहिला दिवस परवानाधारक गाइडबरोबर घालवलात तर उत्तमच. पैसे जातात, पण हातांची सवय एका सकाळीत बसते.

आभाळाचं घड्याळ

आपला पाऊस महिनोन् महिने कोसळतो आणि आपण त्यातच चढतो. धुक्यात, धबधब्यात, निसरड्यात. तो अभिमान कोर्तिनाच्या बसमध्ये ठेवून उतरा. इथला उन्हाळी पाऊस दुपारचा, थोडा आणि विजेचा असतो. सकाळी निळंभोर आभाळ, अकराला पांढरे ढग फुगायला लागतात, दोननंतर गडगडाट. आणि तुम्ही शेकडो मीटर लांबीच्या पोलादी तारेला कॅरॅबिनरनं जोडलेले. वीज वरच्या धारेवर पडली तरी तारेतून खाली येते.

त्यामुळे घड्याळ असं लावा: सातच्या आसपास चालायला सुरुवात, दुपारी एकपर्यंत तारेवरून खाली. व्हेनेतो प्रांताची सरकारी हवामान संस्था आर्पाव्ह डोलोमाइट्ससाठी वेगळा अंदाज देते, रिफुजिओत तो भिंतीवर लावलेला असतो. इटालियन येत नसलं तरी 'तेम्पोराली' हा शब्द ओळखा: गडगडाटी पाऊस. तो दुपारसाठी लिहिलेला असेल तर आखूड वाट निवडा, सकाळसाठी असेल तर बोगदे पाहा आणि केक खा. वाटेतच गाठलं तर धारेवरून आणि तारेपासून शक्य तितकं दूर, सुळक्याच्या बुंध्याशी नव्हे, उथळ गुहेच्या तोंडाशीही नव्हे. पाठपिशवीवर पाय जुळवून उकिडवं बसायचं.

तीन दिवस, तीन वाटा

पहिला दिवस आवेराऊ. फाल्झारेगोच्या रस्त्यावर बाई दे दोनेस इथून खुर्चीची लिफ्ट चिंक्वे तोर्री या पाच सुळक्यांपाशी नेते. तिथून पाऊण तास चालून रिफुजिओ आवेराऊ, २४१३ मीटर. मागच्या कड्यावर तारेची वाट आहे, लहानशी, सुरुवातीलाच उभी आणि गुळगुळीत झालेली. वर गेल्यावर तार संपते आणि चालत २६४९ मीटरच्या माथ्यावर. उतरणं त्याच वाटेनं, म्हणजे समोरून येणाऱ्यांशी जुळवून घेण्याचा धडाही पहिल्याच दिवशी. दम शिल्लक असेल तर समोरच्या नुवोलाऊच्या टोकावर चालत जा. तिथलं रिफुजिओ १८८३ सालचं. परतताना चिंक्वे तोर्रीच्या पायथ्याचे पहिल्या महायुद्धातले खंदक आवर्जून बघा, उद्यासाठी ती प्रस्तावना आहे.

दुसरा दिवस लागात्सुओई, आणि इथे थोडा इतिहास हवाच, नाहीतर तुम्ही नुसत्या ओल्या भोकातून खाली याल. मे १९१५ मध्ये इटलीनं ऑस्ट्रिया-हंगेरीविरुद्ध युद्ध पुकारलं आणि आघाडी या शिखरांवरून गेली. लागात्सुओईचा माथा ऑस्ट्रियनांकडे. कड्याच्या मधोमध एक अरुंद पट्टी इटालियनांनी धरली, तिला मेजर मार्तिनीच्या नावानं चेंज्या मार्तिनी म्हणतात. वरच्यांना खालच्यांवर नीट गोळ्या घालता येईनात, खालच्यांना वर चढता येईना. मग दोघांनी डोंगर पोखरायला सुरुवात केली. ऑस्ट्रियनांनी वरून सुरुंग उडवले, इटालियनांनी आतून वर जाणारा सुमारे ११०० मीटरचा बोगदा खणला आणि २० जून १९१७ रोजी टोकाखाली सुमारे ३३ टन स्फोटकं उडवली. डोंगराचा आकार बदलला, आघाडी फारशी हलली नाही. त्याच वर्षी शरदात कापोरेत्तोच्या पराभवानंतर इटालियन ही सगळी ठाणी सोडून माघारी गेले. घसाऱ्याचा जो पंखा फाल्झारेगोवरून दिसतो त्यातला बराचसा त्या सुरुंगांनी पाडलेला आहे.

आल्प्समध्ये कड्यांवर लोखंड ठोकणं युद्धाच्या आधीचं आहे. ऑस्ट्रियातल्या डाखश्टाइनवर १८४३ मध्ये, मार्मोलादाच्या पश्चिम धारेवर १९०३ मध्ये अशा वाटा झाल्या होत्या. पण कोर्तिनाभोवती आज आपण ज्या कपारींतून चालतो, त्यांतल्या कित्येक सैनिकांच्या दोरांनी आणि लाकडी शिड्यांनी आधी मोकळ्या केल्या. नंतर तिथे पोलादी तार आली.

वाट अशी करा: फाल्झारेगो खिंडीतून, २१०५ मीटरवरून, कायझरयेगर वाटेनं वर. ही जुनी ऑस्ट्रियन रसदीची वाट, एक झुलता पूल, मधे मधे तार, ए-बी दर्जा. माथा २७७८ मीटर, खाली रिफुजिओत कॉफी, आणि उतरायला तो इटालियन बोगदा. आत अंधार, ओल, उंच-सखल पायऱ्या आणि हाताला तार. हेल्मेट, हेडलॅम्प आणि जाकीट तिन्ही लागतात. गुडघे बोलतात. मधेच खिडक्या येतात, तोफा आणि मशीनगनसाठी कोरलेल्या, आणि त्यांतून खिंडीतला रस्ता जसा दिसतो तसाच तो तिथल्या पहारेकऱ्याला दिसत असणार. गुडघे कुरकुरत असतील तर केबल कारनं उतरा, लाज नाही.

तिसऱ्या दिवशी पातेर्नो, २७४४ मीटर, त्रे चिमे दि लाव्हारेदो या जगप्रसिद्ध तीन सुळक्यांच्या शेजारी. मिझुरिनाहून रिफुजिओ आउरोंझोपर्यंत टोलचा रस्ता आहे, बसही जाते. सुळक्यांना वळसा घालत दीडेक तासात रिफुजिओ लोकातेल्ली, तिथून युद्धातल्या बोगद्यांतून चढत एका खिंडीत, मग छोट्या तारेच्या वाटेनं माथा. जवळच्या सेक्स्टन गावचा नामांकित गाइड झेप इन्नरकोफ्लर ४ जुलै १९१५ रोजी हाच माथा घेण्याच्या प्रयत्नात मारला गेला. इटालियन सैनिकांनी त्याला माथ्यावरच पुरलं, १९१८ मध्ये त्याचा देह गावी नेला. वाटेला त्याचं नाव आहे. माथ्याची जागा अरुंद, गर्दी असेल तर फोटो काढून लगेच खाली.

लिपेल्ला, पुन्ता आन्ना, तोफाना दि मेझ्झो ही अवघड वाटांची नावं ऐकून हात शिवशिवतील. लिपेल्लाची सुरुवात तर कास्तेल्लेत्तोच्या बोगद्यातून होते, ११ जुलै १९१६ ला इटालियनांनी ३५ टन स्फोटकांनी जे टोक उडवलं तेच हे. ती पुढच्या वर्षासाठी ठेवा.

रिफुजिओतलं राहणं

आधी फोन किंवा ईमेल करून जागा घ्या, ऑगस्टमध्ये ऐन वेळी मिळत नाही. 'मेझ्झा पेन्सिओने' म्हणजे झोपणं, रात्रीचं जेवण, सकाळचा नाश्ता. गादी-पांघरूण असतं पण आत घालायची चादरीची खोळ आपली न्यावी लागते. बूट दाराशी, आत सपाता. आंघोळीची आशा ठेवू नका, असली तर पैसे टाकून दोन-चार मिनिटं.

शाकाहारी उपाशी राहत नाहीत, पण विचारावं लागतं. कानेदेर्ली हे पावाचे गोळे पालकाचे किंवा चीजचे घ्या, साध्यात डुकराचं खारवलेलं मांस असतं. पोलेंता म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट पिठी, मशरूमबरोबर मस्त. कोर्तिनाची खासियत कासुन्झिएई, बीट भरलेल्या करंज्यांसारखा पास्ता, वर खसखस आणि लोणी. 'सेन्झा कार्ने', म्हणजे मांसाशिवाय, एवढं म्हणता आलं की भागतं. भारतातून खाऊ आणताना लक्षात ठेवा, मांस आणि दूधदुभतं युरोपियन युनियनमध्ये बाहेरून नेता येत नाही. पेढे घरीच. चिक्की, खजूर चालतात आणि कड्यावर तेच कामाला येतात.

काही बिनसलं तर

विमा आधी बघा. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा विमा लागतो, पण आपल्याकडच्या बऱ्याच पॉलिसींमध्ये दोर किंवा उपकरणं वापरून केलेलं गिर्यारोहण वगळलेलं असतं. बारीक अक्षरं वाचा, जोडकलम घ्या. युरोपात राहणाऱ्यांनी ऑस्ट्रियन अल्पाइन क्लबसारख्या संस्थेचं सभासद व्हावं, वर्गणीतच बचावखर्चाचा विमा येतो आणि रिफुजिओत मुक्कामाला सवलत मिळते. जखम नसताना, नुसते अडकलात म्हणून हेलिकॉप्टर बोलावलंत तर व्हेनेतो प्रांत बिल लावतो.

इटलीत आपत्कालीन क्रमांक ११२. इंग्रजी चालतं. वाटेचं नाव, किती जण, काय झालं, आणि खाली की वर कुठे आहात हे सांगा; त्यासाठी वाटेचं इटालियन नाव कागदावर लिहून खिशात ठेवा, घाबरलेल्या माणसाला उच्चार आठवत नाही. फोनला रेंज नसेल तर शिट्टी किंवा दिवा: मिनिटाला सहा वेळा, मग एक मिनिट शांत, पुन्हा सहा. उत्तर मिनिटाला तीन वेळा येतं.

हेलिकॉप्टर दिसलं की दोन्ही हात वर करून उभं राहणं म्हणजे 'हो, मदत हवी'. एक हात वर, एक खाली म्हणजे 'नको'. आपल्याला माथ्यावर पोचलं की दोन्ही हात उंचावून फोटो काढायची भारी हौस. कड्याजवळून हेलिकॉप्टर जात असेल तेव्हा हात खाली ठेवा, ते गेलं की फोटो काढा.